पथनाट्यं करून खरंच काही बदलतं का, की आपण आपलंच समाधान करून घेतो?

तिसरी_घंटा

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या.

आमचा एक हौशी ग्रुप आहे, सात-आठ जणांचा. सगळे नोकऱ्या करून सुट्टीच्या दिवशी पथनाट्यं करतो. गेली चार वर्षं मुख्यतः एकच नाटक चाललंय, घरात होणाऱ्या मारहाणीवर. बावीस मिनिटांचं आहे. सामान म्हणजे एक डफ, दोन ओढण्या आणि एक दार, दार पण खरं नाही, दोघंजण हात वर करून उभे राहतात तेच दार. शेवटी बाई ते दार ढकलून बाहेर येते, डफ थांबतो, सगळे फ्रीझ. टाळ्या हमखास. आता इतके प्रयोग झालेत की टाळ्या कुठल्या सेकंदाला सुरू होणार ते पण आम्हाला माहीत असतं.

तर गेल्या महिन्यात एका प्रयोगाला पहिल्या रांगेत एक गृहस्थ होते, पन्नाशीचे असतील. अक्षरशः डोळे पुसत होते. संपल्यावर पुढे आले, आमच्या दिग्दर्शकाचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले फार मोठं काम करताय तुम्ही लोक. आम्ही त्यांच्याबरोबर फोटो काढला, रात्री तो व्हॉट्सॲपवर सगळीकडे फिरवला, असा प्रतिसाद मिळाला की थकवा जातो वगैरे लिहून. दुसऱ्या दिवशी ज्या बाईंनी आम्हाला तिथे बोलावलं होतं त्यांचा फोन आला. फोटो बघून त्या आधी नुसत्या हसल्या. मग म्हणाल्या, अगं याच्याच घरातून रात्री आवाज येतात म्हणून तर मी तुमचा प्रयोग इथे ठेवला होता.

तेव्हापासून माझं डोकं आउट झालंय. कलेतून समाजपरिवर्तन होतं हे प्रत्येक उद्घाटनाच्या भाषणात ऐकलंय, आता कुणीतरी मला खरी उदाहरणं द्या. जिथे गाण्याने, नाटकाने, मालिकेने काहीतरी हललं आणि ते का हललं हे पण सांगता येतं अशी. की हे सगळं आपल्याच मनाच्या समाधानासाठी असतं? तसं असेल तर तसं सांगा, राग नाही येणार.

उगाचच

नाटक बघून माणूस सुधारत असता तर सगळ्यात आधी नाटकवाले सुधारले असते. हलके घ्या.

मोरपंखी

ताई निराश होऊ नका. आपल्याकडेच एवढं मोठं उदाहरण आहे, देवलांचं शारदा नाटक! म्हाताऱ्याशी लहान मुलीचं लग्न लावायची पद्धत त्या नाटकाने बंद पाडली, सरकारला कायदा करावा लागला आणि त्या कायद्याला नाव पण शारदा कायदाच पडलं. अजून काय पुरावा पाहिजे?

विंगेतून

तिसरी_घंटा, तुमचा किस्सा वाचून मला ऑगुस्तो बोआल आठवला. ब्राझीलचा नाटकवाला, १९३१ चा जन्म, २००९ मध्ये गेला. पथनाट्य करणाऱ्या लोकांनी त्याचं नाव ऐकलेलं असतं पण त्याला ते सगळं कुठून सुचलं तो किस्सा फार कमी जणांना माहीत असतो. त्याचं झालं पण थोडंफार तुमच्यासारखंच.

हे सगळे शहरातले नट, ब्राझीलच्या ईशान्येकडच्या गरीब भागात जाऊन शेतमजुरांपुढे जोशात नाटक करायचे. शेवटी बंदुका उंचावून गाणं, जमिनीसाठी आपलं रक्त सांडू वगैरे. एकदा प्रयोग संपल्यावर एक शेतकरी पुढे आला, डोळ्यात पाणी. म्हणाला तुम्ही अगदी आमच्यासारखाच विचार करता, चला, आत्ताच तुमच्या बंदुका घेऊन या, जमीनदाराची माणसं आमच्या एका भावाच्या जमिनीवर बसलीत त्यांना हाकलू, आधी जेवून घेऊ. आता यांची पंचाईत. म्हणाले अहो या बंदुका खोट्या आहेत, नाटकातल्या. तो म्हणाला हरकत नाही, बंदुका खोट्या असतील पण तुम्ही माणसं तर खरी आहात ना, बंदुका आमच्याकडे सगळ्यांना पुरतील एवढ्या आहेत. त्यावर हे म्हणे आम्ही खरे आहोत पण आम्ही खरे कलाकार आहोत, खरे शेतकरी नाही. तेव्हा तो माणूस म्हणाला, म्हणजे तुम्ही जे रक्त सांडायची गोष्ट करत होता ते आमचं रक्त, तुमचं नाही, असंच ना?

बोआलने हे स्वतःच लिहून ठेवलंय, स्वतःची लाज वाटल्याचं पण लिहिलंय. त्यानंतर त्याने ठरवलं की जे करायला आपण स्वतः तयार नाही ते दुसऱ्याला नाटकातून सांगायचं नाही. पुढे लष्करी राजवटीत १९७१ साली त्याला पकडून छळलं, मग देश सोडावा लागला, आणि १९७३ च्या सुमाराला पेरूमध्ये साक्षरतेच्या कामात असताना फोरम थिएटर आकाराला आलं. म्हणजे नाटक एकदा पूर्ण करायचं, वाईट शेवटासकट. मग परत पहिल्यापासून सुरू करायचं आणि बघणाऱ्यांपैकी कुणालाही वाटलं की इथे हिने वेगळं वागायला पाहिजे होतं तर त्याने स्टॉप म्हणायचं, स्टेजवर यायचं आणि ते करून दाखवायचं. नुसता सल्ला द्यायचा नाही, करायचं. मध्ये एक सूत्रधार असतो त्याला जोकर म्हणतात, पत्त्यातला जोकर कसा इस्पिक-बदाम कुणाचाच नसतो तसा. त्याने बाजू घ्यायची नाही.

आम्ही हे सहा वर्षं करतोय म्हणून अनुभवाने एक सांगते. आमचं नाटक होतं मुलीचं शिक्षण थांबवायचं ठरतं त्यावर. बाप ठरवतो, आई रडते, आणि एक काकू कोपऱ्यात गप्प बसलेली असते. काकूला एकसुद्धा वाक्य नव्हतं, खरं सांगायचं तर एक नटी जास्त झाली होती म्हणून तिला बसवलेली. फोरम सुरू झालं की नेहमी कॉलेजच्या पोरी उठायच्या, मुलीच्या जागी यायच्या आणि बापाला लेक्चर द्यायच्या. बाप झालेला आमचा नट तयारीचा, तो सगळ्यांना गुंडाळून परत पाठवायचा. एकदा मागून एक साठीच्या बाई उठल्या. मला वाटलं आई व्हायला आल्या. त्या सरळ काकूपाशी गेल्या, तिला म्हणाल्या उठ गं, आणि त्या खुर्चीत बसल्या. दोन मिनिटं काहीच केलं नाही. बापाचं भाषण ऐन भरात आलं तसं त्यांनी खुर्ची उचलली, सरकवत सरकवत मुलीच्या शेजारी नेली आणि तिथे बसल्या. बास. एक अक्षर बोलल्या नाहीत. आमच्या नटाला पुढचं वाक्यच सुचेना! बघणारे हसले आणि मग हळूहळू काय झालं तर बायका आपापसात बोलायला लागल्या, कोण कुणाच्या घरात काकू आहे ते.

तुमच्या नाटकात बाई दार ढकलून बाहेर येते आणि लोक टाळ्या वाजवतात ना, ते दार तुम्ही त्यांच्यासाठी उघडून दिलंत. त्यांना काही करायचंच उरलं नाही, म्हणून टाळ्या.

उगाचच

@विंगेतून चांगला किस्सा. पण तुमच्या त्या मुलीचं खऱ्या आयुष्यात शिक्षण सुरू राहिलं का ते कुणाला माहीत? लोक आपापसात बोलायला लागले म्हणजे परिवर्तन झालं असं म्हणायचं का आपण?

विंगेतून

नाही म्हणायचं. आणि बोआललाही ते पुरेसं वाटलं नसावं, कारण १९९२ मध्ये तो रिओच्या नगरपालिकेत चक्क निवडून गेला आणि त्याने फोरमचे ग्रुप वस्त्यावस्त्यांमध्ये बसवले, प्रेक्षक स्टेजवर येऊन जे तोडगे काढतील त्यातून कायद्याचे मसुदे तयार करायचे. चार वर्षांत असे १३ कायदे पास झाले. एक म्हणजे सार्वजनिक फोनच्या बूथखाली उंचवटा करायचा, कारण आंधळ्या माणसाची काठी खालून मोकळीच जायची आणि डोकं वर आपटायचं. हे ऑफिसात बसलेल्या कुणाला सुचलं नसतं. क्रांती वगैरे नाही, बूथखालचा उंचवटा. पण तो कायदा झाला.

जुनी_पुस्तकं

मोरपंखी, तुमचा उत्साह कळतो पण यात मोठा घोळ आहे आणि तो मराठीत इतक्या वेळा छापून आलाय की आता तोच खरा वाटायला लागलाय. १९२९ च्या कायद्याचा देवलांच्या नाटकाशी नावापुरतासुद्धा संबंध नाही. तो मांडला अजमेरच्या हरबिलास सारडा यांनी, म्हणून सारडा कायदा. आपण मराठी लोकांनी सारडाचं शारदा केलं, कारण कानात आधीच शारदा बसलेली होती! नाटक आलं १८९९ मध्ये, कायदा तीस वर्षांनी. आणि कायदा बालविवाहाचा होता, मुलगी १४ आणि मुलगा १८ असं किमान वय ठरवणारा. पंचाहत्तरीचा म्हातारा नवरा चालेल की नाही याबद्दल त्यात मनाई नव्हती. मुलगी १४ ची असली की भुजंगनाथ, म्हणजे नाटकातला तो म्हातारा नवरदेव, कायद्याने मोकळाच.

पण म्हणून नाटकाने काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही, उलट मला तर तो घोळच जास्त इंटरेस्टिंग वाटतो. कायद्याचं नाव लोकांच्या तोंडात नाटकामुळे बदललं, ही काय साधी गोष्ट आहे? शारदा यायच्या आधी जरठ-कुमारी विवाहावर लेख लिहून झालेच होते, सुधारक ओरडत होते, १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यावरून तर महाराष्ट्रात जुंपली होती. पण लेखातल्या म्हाताऱ्यावर लोक एक तर चिडायचे नाही तर त्याची बाजू घ्यायचे. देवलांनी त्याला हास्यास्पद केला. दात पडलेला, केसांना कलप, बाशिंग बांधायची हौस. आणि त्याच्यावरची गाणी अशी की नाटक न बघितलेली पोरं पण म्हणायची. एकदा गावाने एखाद्या गोष्टीला हसायला सुरुवात केली की ती करणाऱ्याची अडचण होते. भुजंगनाथ हे नाव शिवीसारखं वापरायला लागले लोक. पाप आहे म्हटलं तर माणूस प्रायश्चित्त घेऊन मोकळा होतो, पण हसं झालं तर काय करणार?

दुसरी बाजू पण सांगतो. कायदा सप्टेंबर १९२९ मध्ये पास झाला आणि अंमल १ एप्रिल १९३० पासून. मधल्या सहा महिन्यांत काय झालं असेल? लोकांनी घाईघाईने पोरांची लग्नं उरकून घेतली, देशभर. मुलीचं वय १८ वर यायला १९७८ उजाडलं. तेव्हा नाटकही पुरत नाही आणि कायदाही पुरत नाही, हे सगळं एकावर एक चढत जातं आणि मध्ये मध्ये घसरतं पण.

मोरपंखी

अरे बापरे, मी आयुष्यभर उलटंच समजत होते. शाळेत आम्हाला असंच सांगितलेलं. धन्यवाद, पण थोडं वाईट पण वाटलं.

खिडकीतली

मी संशोधनाशी संबंधित काम करते म्हणून दोन गोष्टी लिहिते, लांब होईल, कंटाळा आला तर सोडून द्या.

पहिली र्वांडाची. १९९४ चा नरसंहार झाल्यावर दहा वर्षांनी, २००४ मध्ये, तिथे रेडिओवर एक मालिका सुरू झाली, मुसेकेवेया. दोन गावं, सुपीक जमिनीवरून भांडण, आणि या गावातली मुलगी बाटामुरिझा आणि त्या गावातला शेमा यांचं प्रेम. हुतू आणि तुत्सी या जमातींची खरी नावं घ्यायचीच नाहीत, सगळं दोन गावांच्या आडून. बेट्सी लेव्ही पालक नावाच्या संशोधक बाईंनी यावर वर्षभर प्रयोग केला, २००९ साली तो प्रसिद्ध झाला. काही वस्त्यांना ही मालिका ऐकवली आणि काहींना तशीच पण आरोग्यावरची दुसरी मालिका. वर्षाने विचारलं तर गंमत म्हणजे लोकांची स्वतःची मतं फारशी बदललेली नव्हती! दोन्हीकडे साधारण तेच. बदललं काय होतं तर आपल्या आसपासचे लोक काय योग्य मानतात याबद्दलचा अंदाज. आणि वागणं.

वागणं कसं मोजलं ते मला फार आवडतं. शेवटच्या दिवशी प्रत्येक वस्तीला भेट म्हणून एक कॅसेट प्लेयर, मालिकेच्या कॅसेट आणि बॅटऱ्या दिल्या आणि सांगितलं हे सगळ्यांना मिळून, कसं ठेवायचं ते तुम्ही बघा. आणि नुसतं लक्ष ठेवलं. आरोग्याची मालिका ऐकलेल्या वस्त्यांत साधारण असं झालं की कुणीतरी म्हणालं गावच्या अधिकाऱ्याकडे राहू दे, बाकीचे बरं म्हणाले, विषय संपला. मुसेकेवेया ऐकलेल्या वस्त्यांत कुणीतरी उठून म्हणालं, का बरं त्याच्याकडे? आणि मग वाद, चर्चा, आणि मिळून वापरायचं असं ठरवणं. ज्या देशात वरून आलेला हुकूम न विचारता पाळल्यामुळे काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय तिथे एका कॅसेट प्लेयरवरून कुणीतरी का बरं असं विचारतंय, हे मला तरी थोडं वाटत नाही.

म्हणजे तिसरी_घंटा, तुमचे ते डोळे पुसणारे गृहस्थ बदलले की नाही हा प्रश्न कदाचित चुकीच्या माणसाबद्दल विचारला जातोय. त्यांना मारणं वाईट आहे हे आधीच माहीत होतं, म्हणून तर रडले. प्रयोगाला आलेल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना काय कळलं ते बघा. त्यांना हे कळलं का की आपल्या शेजारणीलाही हे चुकीचं वाटतं?

दुसरी गोष्ट दूरदर्शनवरच्या आपल्या हम लोग मालिकेची. मेक्सिकोत मिगेल साबिदो नावाचा माणूस होता, त्याने १९७५ मध्ये प्रौढ साक्षरतेवर मालिका केली होती आणि ती बघून लोक खरोखर वर्गांना नाव नोंदवायला लोटले होते. तेव्हाचे माहिती आणि प्रसारण मंत्री वसंत साठे मेक्सिकोला जाऊन आले आणि त्यातून ते डोक्यात आलं, ७ जुलै १९८४ ला हम लोग सुरू झाली. सुरुवातीला त्यात कुटुंबनियोजन इतकं ठासून भरलेलं होतं की लोकांना ते पचेना. पहिल्या तेरा एक भागांनंतर तो डोस कमी केला, घरातली भांडणं वाढवली, तेव्हा मालिका चालली. आणि पुढे अभ्यास झाला तर लक्षात आलं की भागवंती, म्हणजे सगळं सोसणारी आई, जी असं वागू नका म्हणून दाखवली होती, ती बऱ्याच प्रेक्षकांना आदर्श वाटली! म्हणजे आपण आरसा म्हणून धरावं आणि समोरच्याने फ्रेम करून भिंतीवर लावावं.

उगाचच

हे आवडलं. भागवंतीचं तर फारच.

पण मग माझा पण एक मुद्दा घ्या, थट्टा नाही. र्वांडाचंच उदाहरण दिलंत ना, तर त्याच देशात १९९३ मध्ये सुरू झालेल्या आरटीएलएम रेडिओवर आधी छान चालीची गाणीच वाजायची, लोक आवडीने लावायचे, आणि त्याच गाण्यांच्या मधून मधून द्वेष. सिमॉन बिकिंदी हा तिथला भयंकर लोकप्रिय गायक, त्याला आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २००८ मध्ये पंधरा वर्षांची शिक्षा दिली. शिक्षा गाण्यांसाठी नाही झाली, गाडीवरच्या भोंग्यावरून चिथावणी दिली म्हणून झाली. पण त्या भोंग्याचं लोकांनी का ऐकलं? आवाज ओळखीचा होता, गाण्यांमुळे. तेव्हा कलेत ताकद नाही असं माझं म्हणणं नाहीच, मला तर ती ताकद आहे याचीच भीती वाटते. सकारात्मक बदल म्हणताना आपण आपल्या बाजूचीच उदाहरणं मोजतो.

जुनी_पुस्तकं

उगाचच, शंभर टक्के सहमत. पहिल्यांदाच.

नेपथ्यवाला

वाचतोय. चांगला धागा. दोन पैसे माझे पण.

बोगोटाचे माइम कुणी सांगितले नाहीत अजून? कोलंबियाची राजधानी, १९९५ मध्ये आंतानास मोकुस नावाचा गणित-तत्त्वज्ञानवाला प्राध्यापक महापौर झाला. ट्रॅफिकची बोंब, लाच खाणारे पोलीस. याने चौकाचौकात तोंडाला पांढरा रंग लावलेले मूकाभिनयवाले उभे केले, आधी वीस. झेब्रा क्रॉसिंगवर गाडी चढवली की माइम तुमच्या गाडीपुढे येऊन छाती बडवणार, तुमची नक्कल करणार, आख्खा चौक हसणार. दंड नाही, पावती नाही. त्याचं म्हणणं होतं की आमच्या लोकांना दंडापेक्षा चारचौघांत हसं होण्याची भीती जास्त. प्रयोग चालला, मग अजून चारेकशे माइम तयार केले. हे देवलांच्या म्हाताऱ्यासारखंच झालं बघा. पुढच्या वर्षांत तिथले अपघाती मृत्यू बरेच कमी झाले पण तेवढ्यासाठी रंगवलेल्या तोंडांना श्रेय देऊ नये, रात्री एकला बार बंद करणं वगैरे कडक नियम पण आलेच होते सोबत.

अवांतर: कुणी गाडगेबाबांचं नाव पण घेतलं नाही याचं आश्चर्य वाटतं. तो बोआलचा जोकर म्हणताय ना, बाबांचं कीर्तन दुसरं काय होतं. कीर्तनकार सांगतो आणि श्रोते माना डोलवतात हा प्रकारच नाही. बाबा प्रश्न विचारायचे आणि समोरच्या गर्दीकडून उत्तर वदवून घ्यायचे, वऱ्हाडीत, आणि उत्तर देता देता माणूस स्वतःच अडकायचा, कर्ज काढून सण का केला, नवसाला बोकड का कापला. आणि महत्त्वाचं म्हणजे कीर्तन रात्री. दिवसा आधी खराटा घेऊन गाव झाडायला सुरुवात करायचे, एकटे. एक म्हातारा झाडतोय म्हटल्यावर बघत किती वेळ उभं राहणार, हळूहळू लोक पण लागायचे झाडायला. म्हणजे कीर्तन ऐकायला बसताना हाताला आधीच काम लागलेलं. १९५६ मध्ये बाबा गेले, त्यानंतर आपण त्यांच्या नावाने अभियानं काढली, बक्षिसं काढली, पण भाषण आधी आणि झाडू नंतर, तोही फोटोपुरता.

विंगेतून

नेपथ्यवाला __/\__ हे माझ्या डोक्यात कधीच आलं नव्हतं. इतकी वर्षं मी बोआल बोआल करतेय.

खिडकीतली

यावरूनच आठवलं, तिसरी_घंटा, तुमच्याच विषयावरचं. २००८ मध्ये ब्रेकथ्रू संस्थेने बेल बजाओ ही मोहीम केली होती, टीव्हीवर छोट्या छोट्या जाहिराती. शेजारच्या घरातून मारहाणीचा आवाज येतोय, माणूस अस्वस्थ होतो, उठतो, जाऊन बेल वाजवतो. दार उघडल्यावर जाब विचारत नाही, एक फोन करू का म्हणून विचारतो, दुसऱ्या जाहिरातीत पोरं बॉल मागतात. काहीतरी फालतू कारण. आतल्याला कळतं की बाहेर ऐकू जातंय, एवढंच. मला त्यातलं हेच पटलं होतं की त्यांनी नवऱ्याला उपदेश केला नाही आणि बायकोला धाडस कर असंही सांगितलं नाही. शेजाऱ्याला एक काम दिलं, जे कुणालाही जमेल, शूर नसलेल्यालाही.

तुमच्या नाटकात शेजारी आहेत का?

तिसरी_घंटा

दोन आठवडे उत्तर दिलं नाही त्याबद्दल सॉरी, पण इथलं सगळं प्रिंट काढून तालमीला घेऊन गेले होते. आधी ग्रुपमध्ये भांडण झालं. दिग्दर्शकाचं म्हणणं शेवट बदलायचा नाही, चार वर्षं टाळ्या घेणारा शेवट आहे. मी म्हटलं तोच प्रॉब्लेम आहे. शेवटी असं ठरलं की एक तालीम करून बघू, नाही जमलं तर जुनं आहेच.

आणि खिडकीतली, तुमचा प्रश्न वाचला तेव्हा लाज वाटली. आमच्या नाटकात शेजारी आहेत. दोन. तेच ते हात वर करून दार झालेले! म्हणजे आम्ही शेजाऱ्यांचंच दार केलं होतं आणि चार वर्षांत आमच्या कुणाच्या हे लक्षात आलं नाही.

तर तालमीत आम्ही त्यातल्या एकीला बाजूला काढलं, तिला म्हटलं तू आता शेजारीण, मारहाणीचा सीन सुरू झाला की तुला वाटेल तेव्हा बेल वाजव, आणि आत कोण काय करेल ते कुणीच आधी ठरवायचं नाही. सीन सुरू झाला. डफ वाजतोय, आतला आरडाओरडा चाललाय, आणि ही नुसती उभी. तोंडाने बेलचा आवाज काढायचा, एवढंच काम, पण हिचा हात वर जातो आणि परत खाली येतो, असं तीन वेळा. नंतर विचारलं तर म्हणाली मला खरंच भीती वाटली, तुम्ही सगळे माझे मित्र आहात हे माहीत असून. आम्ही इतकी वर्षं प्रेक्षकांना गप्प बसू नका गप्प बसू नका म्हणून गाणं म्हणतोय आणि आमच्यातलीच एक तालमीत बेल वाजवू शकत नव्हती.

शेवटी वाजवली. नवरा झालेल्या पोराने दार उघडलं, चेहऱ्यावर तोच राग. आणि ही पूर्ण ब्लँक. काय बोलायचं ते ठरवलंच नव्हतं ना आम्ही. पाच-सहा सेकंद तशीच त्याच्याकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "तुमच्याकडे लाईट आहे का?"

डोक्यावर ट्यूब ढळढळीत चालू होती. सगळे हसायला लागले, डफवाला पण. मी पण हसले. पण त्या पोराचा मारायला उगारलेला हात खाली आला होता, त्याला कुणी सांगितलं नव्हतं, स्क्रिप्टमध्ये तर नाहीच. आणि मागे बायको झालेली आमची मैत्रीण हळूच उठून उभी राहिली होती.

दिग्दर्शक म्हणतोय वाक्य बदलू, फार विनोदी वाटतं.

विंगेतून

अजिबात बदलू नका. आणि प्रयोगात बेल वाजवायला प्रेक्षकांतलं कुणी उठलं तर त्याला वाक्य देऊ नका, त्यालाही ब्लँक होऊ द्या.

उगाचच

पुढचा प्रयोग त्याच ठिकाणी ठेवा. पहिल्या रांगेतल्या काकांना या वेळी मागच्या रांगेत बसवा, आणि पुढे त्यांचे शेजारी. आणि फोटो काढू नका.

तिसरी_घंटा

त्या बाईंना फोन केला होता. येत्या रविवारी.